राहिलेलं कडवं

वैजयंतीने चर्चच्या उपासनेत रॅप म्हणायला सुरुवात केली, तेव्हा सगळ्यांत मोठा विरोध तिच्या सासऱ्यांचा होता. कुंडलिकराव मंडळीच्या, म्हणजे सभासदांच्या, कमिटीवर होते. देवाच्या घरात पेटीवर गीतं म्हणायची, हे रस्त्यावरचं भांडण इथे कशाला, असं त्यांचं म्हणणं. पण तरुण पोरं चर्चला येईनाशी झाली होती आणि वैजयंतीमुळे मागचे बाक पुन्हा भरू लागले. पाळकांनी महिन्यातून एका रविवारी परवानगी दिली. कीबोर्डवर ताल तिचा नवरा आमोस धरायचा. शब्द मात्र आधी त्याला ऐकवावे लागत.

जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमध्ये आमोस तिला मारायचा. फोन उचलायला उशीर झाला म्हणून, भाजी खारट झाली म्हणून, कधी नुसतंच. चेहऱ्याला हात लावायचा नाही, कारण चेहरा रविवारी लोकांना दिसे. पट्टा पाठीवर, लाथ कमरेत. पलीकडच्या खोलीत सासू-सासरे असत. सासू निंगव्वा कर्नाटक सीमेवरच्या मैंदर्गीची. सकाळी ती सुनेच्या पाठीला तेल-हळद लावायची आणि स्वयंपाकाला लागायची. वैजयंतीने एकदा पाळकांच्या कानावर घातलं होतं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि घरी पाठवलं.

फेब्रुवारीत आमोसने तिला कपाटावर आपटलं. बरगडी मोडली आणि पोटात नुकतंच राहिलेलं मूल गेलं. जिन्यावरून पडले, असं तिने दवाखान्यात सांगितलं, कारण तो शेजारीच उभा होता.

बरी होऊन ती पुन्हा व्यासपीठावर आली, तेव्हा माईक हातात घेऊन तिने भलतेच शब्द सुरू केले.

देवा, तुला दिसतं ना, दार आतून लागतं,
माझ्या पाठीवर रोज एक नवं काळंनिळं जागतं.
सकाळी जो तुझ्यापुढं हात जोडतो,
रात्री तोच माझी बरगडी मोडतो.

पहिल्या ओळींना पोरांनी टाळ्यांचा ठेका धरला होता. चौथ्या ओळीला टाळ्या विरल्या. कीबोर्ड थांबला. वैजयंती तालाशिवाय म्हणत राहिली.

मंडळी म्हणते सोस, प्रार्थना कर,
सांग ना बापा, कुठवर, कुठवर?

आमोस उठला. माईकचा लोखंडी स्टँड त्याने दोन्ही हातांनी उचलला आणि तिच्या तोंडावर घातला. ती आडवी झाली. हातातला माईक फरशीवर पडला, पण चालूच होता. दुसरा फटका, तिसरा फटका, तिचं घशातून निघालेलं ओरडणं, सगळं भिंतींवरच्या स्पीकरमधून घुमलं. पुढच्या बाकावरच्या बाईच्या पांढऱ्या साडीवर रक्त उडालं.

कुंडलिकराव उभे राहिले.

"गीत घ्या," ते म्हणाले. "सगळ्यांनी उभं राहा."

आणि पेटी वाजू लागली. लोक खरोखरच उभे राहिले, काहींनी डोळे मिटून घेतले, आणि गाऊ लागले. त्या गाण्याखाली आमोस बायकोला मारत होता.

निंगव्वा बायकांच्या बाजूच्या बाकावरून निघाली. गुडघे दुखत असल्याने तिला जपून चालायची सवय होती. त्या दिवशी ती धावली. ती सुनेच्या अंगावर पालथी पडली. खाली येणारा स्टँड तिच्या हातावर बसला आणि कोपराखालचं हाड मोडलं.

"मार," ती मुलाला म्हणाली. "मला बी मार. तुज्या बापाचं बगूनच शिकलास की."

माईक तिच्या तोंडाशीच पडला होता. साऱ्या मंडळीने ते ऐकलं. गाणं मधेच तुटलं. मग मागच्या बाकांवरची पोरं धावून आली. त्यांनी आमोसला खाली पाडलं आणि बुटांनी तुडवलं. पोलीस आले तेव्हा त्याचा एक डोळा पुरता मिटला होता, आणि पोरं अजून थांबायला तयार नव्हती.

वैजयंतीचे पुढचे दात गेले, जबडा तारेने बांधावा लागला. पाळक दवाखान्यात आले ते कमिटीचा निरोप घेऊन. रॅप आजपासून बंद. आणि पोलिसांतली तक्रार मागे घेतली, तर प्रकरण मंडळीतच मिटवता येईल. वैजयंतीला तोंड उघडता येत नव्हतं. प्लॅस्टरमधला हात मांडीवर घेऊन बसलेली निंगव्वा बोलली.

"तक्रार तिची एकटीची न्हाय, माजी बी हाय. आन तिचं म्हणून झालेलं न्हाय अजून."

निंगव्वा त्या घरी परत गेली नाही. दोघी वैजयंतीच्या माहेरी राहिल्या. आमोस कोठडीतच होता.

जबड्याची तार निघाल्यावरच्या रविवारी वैजयंती कुणाला न विचारता व्यासपीठावर चढली. कुंडलिकरावांनी उठून पुन्हा गीत घ्यायला सांगितलं. पेटीवाल्याने भाता बंद केला आणि हात मांडीवर ठेवले. कुंडलिकराव तसेच उभे राहिले, मग चालते झाले. त्यांच्यामागून बरीच कुटुंबं उठून गेली.

उरलेल्यांपुढे तिने राहिलेलं कडवं म्हटलं. दात नसल्याने शब्दांतून हवा निसटत होती, आणि न जन्मलेल्या मुलाबद्दलच्या ओळीवर तिला थांबावं लागलं. ती पुन्हा त्याच ओळीपासून सुरू झाली. कुणी टाळी वाजवली नाही. संपल्यावर पाळकांनी आमेन म्हणायला हवं होतं. त्यांना ते जमेना. निंगव्वा म्हणाली, आणि मग बाकीचे.