पाडलं म्हणे

माझ्या सुनेची, निधीची, तिसऱ्या महिन्यातली चोरओटी होती. पाचच बायका बोलावल्या होत्या, गाजावाजा करायचा नव्हता. तरी तो झालाच. शेजारच्या रमाबाईनं स्वतःच्या सुनेच्या, यामिनीच्या हातातून तांदळाचं ताट हिसकावलं.

"तू नको भरू ओटी! जिनं आपलं पाडलं, तिचा हात काहून लावायचा पोट्टीले?"

मी कोणत्या तोंडानं अडवणार? हीच गोष्ट मी महिनाभर गावात वाटत फिरले होते. उचलली जीभ, लावली टाळ्याला, दुसरं काय.

आषाढात धानाचा रोपा लावताना यामिनी गुडघाभर चिखलात कोसळली होती. ट्रॅक्टरवर घालून रायपूरला नेली, ऑपरेशन झालं, पोर गेलं. "पाडून आली," असं रमाबाईनं ठरवून टाकलं.

यामिनीनं दाराशी नारळ घेऊन उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. "सांगा ना. डॉक्टरीणबाई तुमच्याशीच बोलली होती."

दिवाकर अंगठ्यानं सारवण उकरत राहिला. "मले काही समजलं नाही बा त्यातलं."

"समजलं नाही? कागदावर चित्र काढून दाखवलं तिनं! तीनदा इचारलं तुम्ही. पोट्टं पिशवीत बसलंच नव्हतं, नळीत बसलं. तिथं ते जगूच शकत नाही. नळी फुटली, पोटभर रक्त झालं. घंटाभर उशीर झाला असता तर मीच गेली असती. तिथं माह्या उशाशी रडले तुम्ही. अन् घरी आईपुढं एक शब्द नाही?"

"आईले कोण समजावणार," तो पुटपुटला.

असा संताप आला मला त्याचा! आणि माझाही. रमाबाईच्या हातून ताट घेऊन मी यामिनीला दिलं.

"पहिली ओटी तूच भर, माय."

तिनं निधीच्या पदरात तांदूळ घातले. "चार दिवस पोट दुखून राहिलं होतं, खांदाही. तीन महिने कोणाले सांगू नको म्हणत होत्या आई, म्हणून दाबून ठेवलं मी. तू नको ठेवू. दुखलं की ओरड."

रमाबाईनं खाली सांडलेले तांदूळ वेचायला घेतले.

"चल घरी आता," दिवाकर म्हणाला.

"तुम्ही व्हा पुढं. मी घरोघरी जाऊन खरं सांगून येतो," यामिनी म्हणाली.

मी पायात चपला सरकवल्या आणि तिच्यासोबत निघाले. कोणकोणत्या घरी जायचं, ते माझ्याशिवाय कोणाला ठाऊक होतं?