वेंकोबारावांचा उजवा हात

"सार, डावा अंगठा द्या. नुसता टेकवायचा आहे," कौशिक पुन्हा एकदा तमिळमध्ये म्हणाला. वेंकोबारावांनी डावा हात पुन्हा एकदा उशीखाली सरकवला.

कौशिक बँकेचा असिस्टंट मॅनेजर. बिचारा जेवणाची सुट्टी मोडून अंबत्तूरच्या उन्हातून आला होता आणि खुर्चीच्या कडेवर बसला होता. मांडीवर फाइल, फाइलवर जांभळ्या शाईचा पॅड. समोर पलंगावर लोडाला टेकलेले वेंकोबाराव. पक्षाघात झाल्यापासून त्यांचा उजवा हात, बोटं आत वळलेली, मांडीवर नुसता पडून असे. या दोघांच्या मध्ये उभी होती त्यांची मुलगी रंजनी. तिनंच बँकेत खेटे घालघालून ही भेट मिळवली होती.

"अप्पा, काय हे? द्या की हात!"

"डावा नको."

"मग कुठला देणार?"

"देणार नाही," वेंकोबाराव शांतपणे म्हणाले. झटक्यानंतर त्यांची जीभ थोडी जड झाली होती. पण 'नाही' म्हणताना ती कधी अडखळत नसे.

कौशिकनं फाइल मिटली. पुढच्या गुरुवारी पुन्हा येतो, म्हणाला. जाताना दारात चपला घालता घालता त्यानं रंजनीला हळूच सांगितलं, "मॅडम, तेव्हाही झालं नाही, तर कोर्टातून हुकूम आणावा लागेल. त्याला किती काळ जाईल, सांगता येत नाही."

वेंकोबारावांचं सगळं आयुष्य त्यागरायनगरच्या एका रेशमी साड्यांच्या दुकानात कॅशियर म्हणून गेलं. अंबत्तूरहून सकाळची गाडी, कपाळावर गंध, पांढरा शर्ट आणि दिवसभर गल्ला. नोटा घ्यायच्या उजव्या हातानं, द्यायच्या उजव्या हातानं. डावा हात ड्रॉवर उघडायला. लक्ष्मी डाव्या हातानं द्यायची नाही आणि घ्यायची तर नाहीच. एखाद्या गिऱ्हाइकानं घाईत डाव्या हातानं नोटा पुढे केल्या, तर वेंकोबाराव बोलत नसत. आपला उजवा तळवा पसरून हसतमुखानं वाट पाहत बसत. मागे रांग वाढत जाई, मालकाच्या कपाळाला आठ्या पडत. शेवटी गिऱ्हाईकच ओशाळून हात बदली. मालकानं त्यांना कधी काढलं नाही, कारण दिवाळीच्या गर्दीतही त्यांचा गल्ला रात्री चोख जुळायचा.

असा माणूस, आणि त्याचाच उजवा हात गेला. बचत आणि ठेवी त्यांच्या एकट्याच्या नावावर होत्या. "दोघांचं खातं कशाला? मी कुठं चाललोय?" असं ते बायकोला, राजसबाईला, दरवेळी म्हणायचे. ते कुठे गेले नाहीत, पण त्यांची सही गेली, आणि सहीबरोबर खात्याला कुलूप लागलं. आता अंगठा देऊन खात्यात राजसबाईचं नाव घालायचं, एवढाच मार्ग होता.

कौशिकची पाठ वळताच रंजनीचा बांध फुटला.

"फिजिओथेरपीवाल्याला मी कुठून देऊ? सांगा ना. घराचा हप्ता आहे, माझ्या लेकीचं कॉलेज आहे. तुमचा स्वतःचा पैसा तिथे पडलाय आणि तुम्ही डावं-उजवं करताय! त्या हातानं केस विंचरता, काठी धरता, ते चालतं?"

"ओरडू नको गं," राजसबाई म्हणाली. ती भात कालवून आणत होती. झटक्यापासून तीच त्यांना भरवत होती, कारण डाव्या हातानं जेवायलाही ते तयार नव्हते.

"केस विंचरणं वेगळं," वेंकोबाराव घरच्या जुन्या मराठीत एकेक शब्द जुळवत म्हणाले. "अस्कं आयुष्य, सगळं, या हातानं घेतलं, दिलं. तो पडला म्हणून दुसऱ्याकडनं साक्ष देऊ? मज जमणार नाही, बाळ."

रंजनी स्कूटरवर बसून कामावर गेली, ती वाटभर धुसफुसत. इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका व्हॉल्व्हच्या कारखान्यात ती खरेदी विभागात होती. तिथल्या मैत्रिणीनं चहा पिता पिता सहज सांगून टाकलं, "चेकबुक आहे ना? मग तूच कर सही. कोण बघतंय?" रंजनीला ते अवघड नव्हतं. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर पाहून पाहून अप्पांची सही तिला पाठ होती. घरी येऊन तिनं चेकबुक काढलं, पेनही काढलं. मग आतल्या खोलीतून अप्पांचा खोकला ऐकू आला आणि तिनं दोन्ही कपाटात ठेवून दिली. शेवटी तीही त्याच गल्ल्यावरच्या माणसाची मुलगी होती.

दुसऱ्या दिवशी ती बँकेत गेली. "उजवा अंगठा चालेल का?"

कौशिकनं आत जाऊन मॅनेजरना विचारलं. "चालेल," तो परत येऊन म्हणाला. "पण एक आहे. अंगठा सारनी स्वतः उठवायला हवा. घरच्यांनी हात धरून टेकवलेला चालत नाही. म्हाताऱ्या माणसांचे हात धरून लोक काय काय करून घेतात, मॅडम, आम्ही रोज बघतो. तुमच्यावर संशय नाही."

"अहो, पण त्यांचा तो हात हलतच नाही!"

"म्हणूनच तर मी डावा म्हणत होतो."

त्याचं काही चुकत नव्हतं, याचाच तिला जास्त राग आला. घरी येऊन तिनं वेंकोबारावांना सगळं सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"उजवा चालतो म्हणाले?"

"चालतो, पण कुणी हात लावायचा नाही. मीही नाही, आईही नाही."

"सरि, बरं. ये म्हण त्याला," वेंकोबाराव म्हणाले आणि कुशीवर वळले.

गुरुवारी वेंकोबारावांनी लवकर स्नान उरकून घेतलं. कमरेला पांढरी वेष्टी, इस्त्रीचा शर्ट, कपाळावर गंध; दुकानातच निघाल्यासारखे. कौशिक आला. वृद्धांना घरपोच पैसे देण्याची बँकेची सोय होती, म्हणून त्यानं थोडी रोकडही आणली होती. साक्षीला शेजारची धनलक्ष्मी येऊन बसली. तिचंही खातं त्याच शाखेत होतं. कौशिकनं अर्ज मोठ्यानं वाचून दाखवला आणि विचारलं, "सार, हे तुमच्या मर्जीनं करताय ना?"

"माझ्या मर्जीनं."

"मग सगळ्यांनी जरा लांब उभं राहा."

वेंकोबारावांनी डावा हात पुढे आणला आणि उजव्याचं मनगट धरलं. झोपलेलं मूल उचलावं तसा तो हात त्यांनी मांडीवरून उचलला. अर्ध्यावर तो निसटला आणि धप्प करून चादरीवर पडला. रंजनी पुढे झेपावली. राजसबाईनं तिची ओढणी धरली.

"थांब."

त्यांनी श्वास घेतला आणि हात पुन्हा उचलला. या वेळी तो पॅडपर्यंत पोचला, पण अंगठा मुठीत वळलेला. तेव्हा त्यांनी डाव्या हातानं एकेक बोट उलगडलं, अंगठा सरळ केला, शाईत दाबला, कागदावर नेऊन टेकवला. कपाळावरचं गंध घामानं ओघळलं होतं. शर्ट पाठीला चिकटला होता.

"झालं, सार!" कौशिकचाच जीव भांड्यात पडला.

वेंकोबाराव मान वाकडी करून कागदाकडे बघत होते. "पुसट आहे."

"चालेल, सार."

"नाही चालणार, तंबी. उद्या दुसरा कुणी बघेल, तुला विचारेल. दुसरा कागद दे."

कौशिकनं रंजनीकडे पाहिलं. रंजनीनं 'द्या' म्हणून मान हलवली. ज्याला आपण आठवडाभर हट्ट म्हणत होतो, तो हट्ट नव्हता, हे तिला आता लख्ख दिसत होतं. हा माणूस अजून कामावर होता. आणि आपण त्याच्या पोटी जन्मलो, याचा तिला त्या क्षणी इतका अभिमान वाटला, की धनलक्ष्मीसमोर रडू येऊ नये म्हणून तिनं खिडकीकडे तोंड केलं.

दुसऱ्या कागदावर ठसा स्वच्छ उठला. मग पैसे काढायच्या स्लिपवर. प्रत्येक वेळी तेच: मनगट, बोटं, अंगठा, शाई. कुणी घाई केली नाही. खाली भाजीवाल्याची गाडी ओरडत आली आणि निघूनही गेली.

कौशिक नोटा पलंगावर ठेवणार होता. पण तो थांबला, खुर्चीवरून उठला आणि उभं राहून त्यानं त्या आपल्या उजव्या हातानं पुढे केल्या. वेंकोबारावांनी डाव्या हातानं आपला उजवा तळवा उताणा केला. नोटा त्यावर ठेवल्या गेल्या. मग त्यांनी स्वतःच वरून बोटं मिटली.

"राजस," त्यांनी हाक मारली. "घरखर्चाला घे."

राजसबाईनं घाईघाईनं पदराला हात पुसले आणि ओंजळ पुढे केली. डाव्याच्या आधारानं तो उजवा हात हळूहळू तिच्यापर्यंत आला. बोटं आपण होऊन उघडेनात. वेंकोबाराव ती एकेक करून सोडवू लागले. राजसबाईनं नोटा ओढल्या नाहीत. शेवटचं बोट सुटेपर्यंत ती तशीच ओंजळ धरून उभी राहिली.