पाटावरची कुलपं

फोंडाघाटात एसटी दोनदा बंद पडली. कंपनीच्या कामासाठी, कॉम्प्युटर दुरुस्तीला, कोल्हापूरहून मालवणला येईपर्यंत पाठीचे पार तुकडे झाले होते. मच्छीमार संघाच्या कचेरीत पाय टाकला, तर सचिव भाई पाणीही न विचारता म्हणाले, "सत्यवान, वेरोनिकान कायतरी दाबल्यान आणि कॉम्प्युटर बंद पडलो. तिका आजपासून काढून टाकलंय."

वेरोनिका संघाची ऑपरेटर. घरात कमावणारी ती एकटीच. पर्स मांडीवर धरून कोपऱ्यात बसली होती, आणि नोकरी गेल्याची चिठ्ठी टेबलावर पडली होती.

पडद्यावर एकच ओळ: परवाना या यंत्राचा नाही. आमच्या सॉफ्टवेअरचा परवाना म्हणजे सर्व्हरच्या मागे खोचायचं काडेपेटीएवढं कुलूप. प्रत्येक सर्व्हरचं वेगळं. मी ते काढलं, पुसलं, परत खोचलं. तीच ओळ. मुंबईला आमच्या हेड ऑफिसात ट्रंककॉल लावला. दोन तासांनी लागला, तर साहेब म्हणतात, कुलूप नीट खोचा. डोकं उठलं माझं.

संघाचा दुसरा सर्व्हर बर्फ कारखान्यात होता. तिथे फोन केला. तिथला ऑपरेटर लवू म्हणाला, "आमचोय दसऱ्यापासून बंदच आसा."

मी भाईंकडे वळलो. "दसऱ्याला काय केलंत?"

"काय करतलंय? खंडेनवमीक पूजा केलंय. दोनय कुलपां काढून पाटार मांडलंय, हळदकुंकू लावलंय. दुसऱ्या दिवशी मीच परत खोचलंय."

"मी तेवाच सांगलंय, काढू नकात म्हणान," वेरोनिका हळूच म्हणाली.

इथलं कुलूप काढून कारखान्यात चालत गेलो, ते तिथे खोचलं आणि तिथलं आणून इथे. दोन्ही सर्व्हर सुरू झाले. चार दिवसांचा घोळ अर्ध्या तासात संपला.

"रिपोर्टात पार्ट खराब म्हणान लिही," भाई पुटपुटले.

एसटीची वेळ झाली होती. लिहून सुटलो असतो. पण त्या पोरीकडे बघून लाज वाटली. मी लिहिलं: पूजेनंतर सचिवांनी एका सर्व्हरचं कुलूप दुसऱ्याला लावलं, ऑपरेटरची चूक नाही. भाईंनी वाचलं आणि सही केली.

"उद्या टायमार ये," ते तिला म्हणाले.

"येतंय. पण ती चिठ्ठी तुमच्याच हातान फाडा."

भाईंनी चिठ्ठीचे दोन तुकडे केले.

"बारीक फाडा," वेरोनिका म्हणाली, आणि ते फाडून होईपर्यंत समोर उभी राहिली.