होकायंत्र आणि बुडालेला कप्तान

दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. शेजारीपाजारी, जिन्यावरचे, ओळखीचे, बिनओळखीचे, सगळे श्वास रोखून टेबलावरच्या पितळी होकायंत्राकडे बघत होते. बाधा उतरवायला आलेल्या दर्यामहाराजांनी निळ्या चामड्याचं पुस्तक डावीकडून जवळ आणलं. सुई थरथरली आणि पुस्तकाकडे वळली. पुस्तक उजवीकडे नेलं, तर सुईही गर्रकन उजवीकडे.

"बघा," महाराज म्हणाले. "कप्तान बुडाला, पुस्तक तरलं. दीडशे वर्षं तो या पानांत पोहतोय. आता दमलाय. त्याला शरीर हवंय."

आतल्या खोलीत आप्पांची सहा वर्षांची नात तापाने फणफणली होती. चाळीस वर्षं त्यांनी नौकानयनाची जुनी पुस्तकं जमवली होती. एकेकाला नवी चामड्याची बांधणी, पाठीवर सोनेरी अक्षरं. आपल्या हौसेपायी पोर हातची जाणार, या विचाराने दोन दिवस त्यांच्या घशाखाली घास उतरला नव्हता.

"आणि औषध?" त्यांनी चाचरत विचारलं.

"कप्तान घरात असेपर्यंत औषध म्हणजे विष. कालच बंद करायला सांगितलं ना? कपाटं रिकामी करा. सगळी पुस्तकं मी समुद्राला परत करतो. खाली टेम्पो उभा आहे."

सून दारात उभी होती. "आप्पा, देऊन टाका हो. तिचे हात गार पडलेत."

आप्पांनी किल्ली काढली. ती पहिल्या कपाटाच्या कुलपाला लावली.

तेवढ्यात आप्पांची पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरबाई आल्या, बगलेत नुकतंच बांधून झालेलं एक पुस्तक घेऊन. गर्दीतून वाट काढत त्या टेबलाशी पोचल्या, निळं पुस्तक उचललं आणि मागच्या पुठ्ठ्यावर आतून अंगठा फिरवला.

"हे मी बांधलंय. पण हा आतला कागद मी चिकटवलेला नाही. मी पिठाची खळ लावते, हा डिंक आहे. मधे कोणाकडे गेलं होतं?"

"महाराजांकडे," आप्पा पुटपुटले. "शुद्धीकरणाला. चार दिवस."

"बाई, हात लावू नका," महाराज म्हणाले. "कप्तान तुमच्या मागे लागेल."

"लागू दे. मला दुकानात एक माणूस कमीच आहे."

बाईंनी पिशवीतली सुरी काढून कागद सोडवला. पुठ्ठ्यात कोरलेल्या खाचेतून चपटा लोहचुंबक टेबलावर पडला. सुई झटकन त्याच्याकडे वळली. मग बाईंनी चुंबक दूर ठेवून नुसतं पुस्तक होकायंत्राभोवती फिरवलं. सुई ढुंकूनही बघेना.

महाराज दाराकडे सरकले. जिन्यावरच्यांनी वाट अडवली.

"याच पुस्तकात लिहिलंय, आप्पा," बाई हळूच म्हणाल्या. "होकायंत्राजवळ लोखंड आलं की सुई खोटी दिशा दाखवते, जहाज खडकावर जातं. शिवता शिवता मी वाचलं. तुम्ही?"

आप्पांची मान खाली गेली. त्यांनी चामडं कुरवाळलं होतं, सोनेरी अक्षरांवरची धूळ पुसली होती. वाचलं एक पानही नव्हतं.

"सूनबाई," ते कसेबसे म्हणाले, "आधी डॉक्टरांना फोन कर. कालपासून औषध दिलं नाही आणि ते माझ्यामुळे, असं स्पष्ट सांग."

औषध पुन्हा सुरू झालं आणि ताप तिसऱ्या दिवशी उतरला. तोवर आप्पा नातीच्या उशाशी बसून निळं पुस्तक वाचत होते, अगदी पहिल्या पानापासून.

घाबरलेल्या माणसाचंही त्या सुईसारखंच होतं. जो जवळ येईल त्याच्याकडे तो वळतो. म्हणून वळण्याआधी एवढंच विचारावं: पुठ्ठ्यात काय दडवलंय, आणि कोणी?