कुलूप लागले तेव्हाच खोदून विचारायचे होते

मित्रांनो, मी एक जुनी काळी ट्रंक आहे. पत्र्याची, लष्करातली. झाकणावर पांढऱ्या रंगात माझ्या मालकांचे नाव आहे, हवालदार मानसिंग. वीस वर्षे मी त्यांच्याबरोबर देशभर हिंडले. १९७३ साली ते निवृत्त झाले आणि आम्ही वडूजजवळच्या त्यांच्या गावी आलो.

पहिले वर्ष छान गेले. माझ्यात त्यांचे गणवेश, पदके आणि त्यांच्या पत्नी रंगूबाईंची लग्नातली इरकल साडी होती. ज्याला जे हवे ते तो काढून घेई. हवालदार पहाटे गावच्या तरुणांना भरतीसाठी माळावर पळवत. लोक त्यांचे नाव काढत.

मग एके दिवशी मला कुलूप लागले. किल्ली हवालदारांच्या करदोट्याला गेली. रंगूबाईंनी कारण विचारले, तर म्हणाले, "सरकारी कागद हायत त्यात."

सरकारी कागद! माझ्या पोटात, गणवेशांच्या घडीखाली, रमच्या बाटल्या होत्या. लष्करी कँटीनमधली रम संपली की त्याच बाटल्यांत हातभट्टीची भरली जाई. वर वास लपवायला मूठभर डांबराच्या गोळ्या. मी नुसती घुसमटत होते. पण पत्र्याला तोंड कुठले?

घरातल्या माणसांना मात्र तोंडे होती, डोळे होते, नाकेही होती! सकाळी हवालदारांचे हात थरथरत. मला उघडून दोन घोट घेतले की थांबत. त्यांच्या आई भामाबाई म्हणत, "बर्फात ऱ्हायला माझा ल्योक. थंडी शिरलीया हाडात." ते दिवसभर लवंगा चघळत, तर म्हणे दात दुखतो. भरतीची पोरे माळावर वाट पाहून परत जाऊ लागली, तर म्हणे पोरेच आळशी. कधी आवाज न चढवणारा हा माणूस भाकरी करपली म्हणून ताट भिरकावू लागला. दुसऱ्या दिवशी त्याला ते आठवतही नसे. आणि रंगूबाई? त्या मुकाट्याने ताट उचलत आणि शेजारणीला सांगत, "दगदग हुतीया त्यांना." मी किती चिडावे!

तिसऱ्या वर्षी नागपंचमीला लेक चंद्रा माहेरी आली. हवालदारांनी नऊ महिन्यांच्या नातवाला कडेवर घेतले आणि त्यांचा तोल गेला. बाळाचे कपाळ माझ्या कोपऱ्यावर आपटले. माझ्याच कोपऱ्यावर. रक्ताची धार लागली.

"पाय घसरला गं त्याचा," भामाबाई म्हणाल्या.

चंद्रा बाळाचे कपाळ पदराने दाबून धरत ओरडली, "घसरला न्हाई, आज्जी! आई, तुला ठावं हाय, मला बी ठावं हाय. मग आपुन गप का बसलोय?"

रंगूबाई नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या. "किल्ली द्या."

"अगं, सरकारी..."

"आवं, द्या. मी भांडणार न्हाई. पर आता झाकून बी ठेवणार न्हाई."

हवालदारांनी स्वतःच कुलूप काढले. खोलीभर वास सुटला. ते खाली बसले आणि लहान मुलासारखे रडू लागले. "मला थांबाया येत न्हाई, रंगू. लय येळा बघितलं थांबून."

बाळाला टाके पडले. दुसऱ्या दिवशी हवालदारांचे धाकटे भाऊ धोंडीबा त्यांना मिरजेच्या दवाखान्यात घेऊन गेले. हा आजार आहे, घरच्या घरी दारू एकदम बंद केली तर जिवावर बेतेल, असे डॉक्टर म्हणाले. हवालदार दीड महिन्याने परतले. दिवाळीत त्यांचा पाय पुन्हा हातभट्टीकडे वळला. पण या खेपेला त्यांनी लपवले नाही. घरी येऊन म्हणाले, "रंगू, आज प्यालो. उद्या मिरजेला चलतीस का संगं?" रंगूबाई गेल्या. त्यानंतर हवालदारांनी पुन्हा घेतली नाही.

मित्रांनो, घरातले माणूस बदलू लागले, तर त्याच्यासाठी कारणे शोधत बसू नका. जवळ बसा आणि विचारा. नातू आता शाळेत जातो. त्याच्या कपाळावरची खूण सगळ्यांना दिसते. तिच्या आधीच्या खुणाही सगळ्यांना दिसतच होत्या.