खारकेच्या बीचं बुश

“हे कोणाला खरं वाटणार नाही, म्हणून मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही,” गाडीखालून गियरबाबाचा आवाज आला.

गियरबाबाने आजवर कोणाला न सांगितलेल्या गोष्टी सगळ्या गल्लीला तोंडपाठ होत्या. पण भाची या गॅरेजात नवखी. ती पेशाने दातांची डॉक्टर. लोकांच्या तोंडात डोकावण्यात दिवस जायचा, म्हणून की काय, कुठलंही भोक, फट किंवा पोकळी दिसली की तिची मान आपोआप तिकडे वळायची. ती पटकन उकिडवी बसली आणि गाडीखाली वाकून म्हणाली, “काय ते?”

“विचारू नकोस गं त्याला,” टायरांच्या चळतीवर बसून शेंगा फोडणारी तिची आत्या म्हणाली. “विचारलंस की तो पाना खाली ठेवतो.”

गाडी आत्याची होती. लाल, दोन सीटची, इंजिन पाठीत, आणि बुटकी इतकी की आत शिरायचं तर आधी गुडघ्यांची परवानगी काढावी लागे. आत्याने तरुणपणी ती वाऱ्यासारखी पळवली होती. आता तिचे गुडघे परवानगी देईनात, आणि भाचीचा जीव तर लहानपणापासून त्या गाडीत अडकलेला. सकाळीच आत्याने निकाल देऊन टाकला होता : “आज संध्याकाळी ही आपल्या पायांनी चढ चढून घरी आली, तर किल्ली तुझी. पुन्हा दोरीला बांधून आणावी लागली, तर उद्या शोरूमवाला घेऊन जाईल. मी शब्द दिलाय त्याला.”

आणि घरापुढचा चढ असा उभा, की पहिल्या गियरशिवाय तो चढणं म्हणजे शिडीशिवाय माळ्यावर जाणं. नेमका पहिलाच रुसला होता. दुसऱ्यालाही सोबत घेऊन.

तसं बघितलं तर दुखणं किरकोळ होतं. गेल्या आठवड्यात गियरचा दांडा पातेल्यातल्या पळीसारखा कुठेही फिरायला लागला. भाचीने तो दोन बोटांनी हलवून पाहिला आणि म्हणाली, “मुळाशी झिजलंय काहीतरी.” हलणारा दात तिला कळायचाच. गियरबाबाने खालचं झिजलेलं बुश, म्हणजे दांड्याच्या बुडाशी बसणारं छोटं कडं, काढून नवं घातलं, दांडा ताठ झाला, सगळे खूश. पण गॅरेजच्या दारात पोचेपर्यंत कळलं की तिसरा पडतो, चौथा पडतो, पाचवा तर लोण्यासारखा पडतो. पहिला-दुसरा मात्र गायब! दांडा डावीकडे ढकलला की भिंतीला टेकल्यासारखा अडायचा. बाबाने पुन्हा सगळं सोडून पुन्हा आवळलं. तेच. आता तिसऱ्यांदा तो पाठीवर झोपून गाडीखाली गेला होता आणि उन्हं शटरच्या खाली उतरली होती.

“बाबा, आतला गियरच तुटला नसेल ना?”

“गियरबॉक्स ठणठणीत आहे, बाळ. खालून हाताने फिरवून बघितलं, सगळे पडतात. भांडण मधल्यामध्ये आहे. दांडा पुढे, बॉक्स मागे, मध्ये हा रॉड. हा निरोप्या. दांड्याने सांगायचं, याने पोचवायचं. आणि मेला चुकीचा निरोप देतोय.”

“का पण?”

“ते कळलं असतं तर मी इथे पाठ शेकत पडलो असतो का?”

“जोड कुठे आहे त्याचा?”

“हा बघ. इथे नट आहे. सैल केला की दोघांची ओळख संपली. दांडा तिकडे नाचू दे नाहीतर झोपू दे, बॉक्सला पत्ता नाही. मग दोघांना न्यूट्रलमध्ये उभं करायचं आणि नट आवळायचा. आवळताना दांडा जसा उभा असेल, तीच त्याची मधली जागा. लग्नच म्हण ना.”

“आणि तेव्हा तो एका बाजूला कललेला असला तर?”

“तर जन्माचा कलंडला. त्या बाजूला जायला पुढे जागाच उरत नाही.”

भाची आणखी खाली वाकली. मग हळूच म्हणाली, “मग आपला मागच्या दोन वेळा सरळ होता का?”

गाडीखालून पाना खाली ठेवल्याचा आवाज आला. मग घसा खाकरल्याचा.

“तर मी काय सांगत होतो! एक होता मिशीवाला. शर्यतीतला गडी. भर डोंगरात त्याच्या गाडीचं बुश फुटलं. मी सोबत. दुकान नाही, माणूस नाही. खिशात काय, तर एक खजूर. तो खाल्ला, बीला बारीक भोक पाडलं, आणि बसवली बुशच्या जागी. काय फिट बसली म्हणतेस! शर्यत जिंकला गडी. आणि त्या आनंदात बी बदलायची राहिली.”

“मग?”

“मग काय, खालून गियरबॉक्सची ऊब, वरून ग्रीसचं खत. उगवली की! दांड्याच्या बुडातून झाड आलं वर, छत उघडं करावं लागलं. पहिल्यात टाकलं की सावली शेजारी बसलेल्या बायकोवर, पाचव्यात टाकलं की याच्यावर. ती बाई उन्हाळाभर त्याला पहिल्याच्या वर जाऊ देईना.”

“फळं धरली का रे?” आत्याने शेंग फोडत विचारलं.

“धरली म्हणजे! चालत्या गाडीत खजूर, आणि उन्हात उभी ठेवली की खारका.”

भाचीला हसू आवरेना, पण डोक्यात दुसरंच फिरत होतं. निरोप्या चुकत नसेल, तर निरोप देणाराच चुकत असला पाहिजे. ती उठली. अडलेला दात बाहेरून कळला नाही तर ती तोंड उघडून आत बघायची. इथेही तिने गाडीचं दार उघडलं आणि मान आत घातली.

“आणि तुला सांगतो,” खालून आवाज रंगात आला होता, “एवढ्या झाडासकट मी त्याचा नट आवळला, पण दांडा? मेणबत्तीसारखा सरळ! आपली पद्धतच आहे ती. नट आवळताना दांड्यावर माशी बसलेली मला चालत नाही. हा आत्ताही तस्साच उभा आहे बघ. चला, आवळतो.”

“थांबा!” भाची ओरडली. “खोटं! साफ खोटं! तुमच्या जेवणाच्या डब्याची पिशवी दांड्याला अडकवलीय, आणि दांडा डावीकडे आडवा झोपलाय!”