घरी चल, फुमी

माकातोने निळं जाकीट गल्लीच्या तोंडाशी फरशीवर पसरलं, तळहाताने तीनदा थोपटलं आणि हाक मारली.

"फुमी, ये गं. घरी चल."

मग तिने जाकीट उचलून दोन्ही हातांवर तोललं. "रिकामंच आहे. चल पुढे."

सेइतोकू बहिणीबरोबर निघाला. फुमी, त्याची बायको, आठवडाभर घरात भिंतीकडे बघत बसली होती. खात नव्हती, बोलत नव्हती. डॉक्टरांना काही सापडलं नाही. सकाळी माकातो आली, दारातूनच वहिनीकडे पाहिलं आणि म्हणाली, "डॉक्टर काय करणार कपाळ? हिची माबुई पडलीय." माबुई पडते म्हणजे काय, हे नाहा शहरात कुणी कुणाला विचारत नाही. माणूस दचकला की त्याच्यातला जीव निसटतो आणि पडला तिथेच बसून राहतो. त्याचा कपडा घेऊन जायचं, हाक मारायची आणि घरी आणून अंगावर घालायचा. वेळेत आणला नाही, तर उरलेलं माणूसही हळूहळू जातं.

"जाकीट हिचंच ना?" माकातोने निघतानाच विचारलं होतं.

"त्या दिवशी अंगात हेच होतं," तो म्हणाला होता.

सेइतोकूचा जन्म या शहरात बस चालवण्यात गेला. पायी त्याने ते कधी पाहिलंच नव्हतं. मोठ्या रस्त्यामागे एवढ्या गल्ल्या असतील, त्या अशा एकमेकींत शिरत असतील, हे त्याला ठाऊक नव्हतं. गल्ली जिथे भिंतीला जाऊन थडकते तिथे प्रत्येक भिंतीत एक कोरलेला दगड होता. बाहेरचं जे काही असतं ते सरळच चालतं, त्याला वळता येत नाही. दगडाशी आलं की थांबतं. आज त्या प्रत्येक दगडाजवळून जाताना त्याला वाटत होतं, काहीतरी थांबलेलंच आहे. फेब्रुवारीचा गार वारा गल्लीत शिरत होता, पण दगडाशेजारची वाळलेली पानं हलत नव्हती.

"मागे वळून बघू नकोस," माकातो म्हणाली.

"बघत नाहीये."

"मान दिसते मला तुझी. लहानपणापासून भित्रा तू."

मासळीवालीच्या दुकानासमोर जाकीट रिकामं निघालं. कुंभारांच्या आळीतही रिकामंच. टोफूवाल्या बाईला त्याने विचारलं, फुमीला कधी पाहिलंत का.

"फुमीसान? रोज जातात की. वर, झऱ्याकडे."

"झऱ्याकडे?"

"किती वर्षं झाली. तुम्हाला माहीत नाही?"

सेइतोकूचे पाय तिथेच थांबले. झऱ्याच्या पायऱ्यांवर त्यांची मुलगी मिचिरु घसरून दगावली होती. एकुलती एक, कॉलेजात जाणारी. त्यानंतर तो त्या उताराला फिरकला नव्हता. त्या मार्गाची बससुद्धा त्याने बदलून घेतली होती. फुमीही जात नसेल असंच त्याने धरलं होतं. घरात तो विषय कुणी काढत नसे.

उतार चढताना माकातो दोनदा गुडघा धरून थांबली. झऱ्यावर कुणी नव्हतं. वडाच्या पारंब्या खाली पायऱ्यांपर्यंत आल्या होत्या आणि पाण्याचा आवाज येत होता, पण कुठून ते कळत नव्हतं. माकातोने ओल्या दगडावर जाकीट पसरलं.

"फुमी, ये गं. घरी चल."

तिने जाकीट उचललं आणि तिचे हात खाली गेले.

"घे. माझ्याने पेलवत नाही. आणि घरी जाईपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही."

झोपलेलं मूल घ्यावं तसं त्याने ते छातीशी धरलं. वाटेत वजन वाढत गेलं. उतार संपता संपता खांद्यावर ऊब जाणवली, पण त्याने मागे पाहिलं नाही.

घरी फुमी तशीच बसलेली होती. माकातोने जाकीट तिच्या खांद्यांवर घातलं आणि पाठ चोळली. बराच वेळ काही झालं नाही. मग फुमीने मान वर केली, दोघांकडे पाहिलं आणि हसली. सेइतोकूला रडूच आलं.

"भूक लागलीय," ती म्हणाली.

त्याने धावत जाऊन बरगड्यांचं सूप गरम केलं. ती भराभर खाऊ लागली. सुपातल्या मुळ्याच्या फोडी मात्र तिने काड्यांनी एकेक उचलून गुपचूप त्याच्या वाडग्यात टाकल्या. फुमीला मुळा फार आवडायचा. सेइतोकू वाडग्याकडे बघत राहिला.

"आत्या, तुम्ही का नाही घेत?" ती माकातोला म्हणाली. "गुडघा फार दुखतोय का?"

इतकी वर्षं फुमी नणंदेला वन्सं म्हणत आली होती. माकातोने हातातला चहाचा कप सावकाश खाली ठेवला. मग उठून भावाला स्वयंपाकघरात घेऊन गेली.

"ते जाकीट कुणाचं?"

"फुमी घालायची अधूनमधून."

"कुणाचं, ते विचारतेय."

त्याने खिडकीकडे पाहिलं. बाहेर पाऊस लागला होता.

"अरे, फुमी तिथेच बसलीय त्या पायऱ्यांवर, पावसात. तिचा कपडा घे आणि जा. हिलाही जाकिटासकट न्यावं लागेल. जिथून आणली तिथेच सोडता येते. अंधारानंतर मग कुणालाच आणता यायचं नाही."

"ताई, ती मिचिरु आहे."

"मला दिसत नाही का रे?" माकातोने बाहीने डोळे पुसले. "दिसतंय, म्हणून तर सांगतेय."

तो परत येऊन बसला आणि मुळ्याच्या सगळ्या फोडी खाल्ल्या. तिचं जेवण होईपर्यंत थांबला. मग खिळ्यावरचा फुमीचा एप्रन काढून त्याने घडी केली आणि सदऱ्याच्या आत ठेवली.

"बाबा, कुठे निघालात?"

"आईला आणायला."

 मग उठून तिने जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली. "छत्री एकच आहे," ती म्हणाली. "मी धरते. तुम्ही नेहमी वाकडी धरता."

माकातो दारात उभी राहिली. दोघं गल्लीच्या टोकाला पोचली. तिथून झऱ्याचा उतार डाव्या हाताला होता, जवळचा. अजून उजेड होता. सेइतोकूने छत्रीच्या दांड्यावरचा तिचा हात आपल्या हातात घेतला आणि उजवीकडे, बाजारावरून वळसा घेत झऱ्याकडेच जाणाऱ्या लांबच्या रस्त्याला वळला.